नव्या आवृत्तीचा ताळा

संगणकावर चालणारी एखादी मोठी प्रणाली जुनी झाली की तिची नवी आवृत्ती येते. बँक, रेल्वे, वीज कंपनी, शाळा, तहसील कचेरी, कोणीच याला अपवाद नाही. नव्या आवृत्तीची बातमी बहुधा एकाच थाटात येते. काम जलद होईल, हेलपाटे वाचतील, सारे काही पारदर्शक होईल. नवे काय आले याची यादी त्यात असते. जुने सगळे जसेच्या तसे पोचले का, याचा हिशेब मात्र क्वचितच दिला जातो.

आमच्या मते प्रणाली बदलण्याच्या कामात हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे. आज्ञावली म्हणजे भांडे. भांडे बदलता येते. त्यातली नोंद एकदा सांडली की ती कोणाची होती हेही पुढे कळत नाही. हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही एक जवळचे उदाहरण घेतले आहे: महाराष्ट्राच्या सातबारा दप्तराचे संगणकीकरण आणि त्याच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या. ही प्रणाली राज्यभराची आहे. पण तिची परीक्षा आम्ही पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत उभे राहून करणार आहोत, कारण पूल किती पक्का आहे हे त्याच्या सर्वांत कमजोर कमानीवरून ठरते.

या कागदाचे वजन

गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एकत्र छापले जातात, म्हणून सातबारा. जमीन कोणाची, किती, कोणत्या अटीवर, तिच्यावर कर्ज किती, तिच्यात कुळाचा किंवा आणखी कोणाचा हक्क आहे का, हे सारे या एका कागदावर असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदणीतली नोंद, ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीरपणे येईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंद चुकली तर चूकच खरी धरली जाते आणि ती खोटी आहे हे दाखवण्याचा भार खातेदारावर येतो.

डहाणू-तलासरीत या भाराचा अर्थ वेगळा आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत. सावकार आणि जमीनदार यांच्याकडे गेलेल्या जमिनी आणि वेठबिगार यांच्या विरोधात वारल्यांनी जो लढा उभारला, त्याची मोठी सभा २३ मे १९४५ रोजी झरी येथे झाली. तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेले हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. ६ जुलै १९७४ पासून संहितेत कलम ३६-अ लागू झाले आणि आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाण्यास बंदी आली.

या सगळ्या लढ्याचे आणि कायद्यांचे फळ शेवटी कोठे दिसते? सातबाऱ्यावरच्या एखाद्या शेऱ्यात. ‘भोगवटादार वर्ग-२’ हे दोन शब्द आणि एक आकडा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव. कलमाचा उल्लेख करणारी अर्धी ओळ. ही अर्धी ओळ गळाली तर जमिनीभोवतीचे कुंपणच गळाले. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वे आणि वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग या प्रकल्पांसाठी याच तालुक्यांत भूसंपादन झाले आहे. मोबदला कोणाला, या प्रश्नाचे उत्तर अधिकारी प्रथम याच कागदावर शोधतात.

दप्तराच्या आवृत्त्या

आवृत्ती बदलणे ही संगणकाने आणलेली नवी गोष्ट नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. नंतर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले, आणे-पै जाऊन दशमान पद्धत आली. १९६० साली राज्याची वाटणी झाली. उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रात राहिला. प्रत्येक वेळी जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवणे झालेच.

संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या आज्ञावलीत हस्तलिखित सातबारे भरले गेले. त्या काळात प्रत्येक तालुक्याचा माहितीसाठा त्या त्या कचेरीतल्या संगणकावर असे. पुढे ई-फेरफार प्रणालीसाठी हा साठा युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकत्र आणला गेला. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक गावाचा जिल्हा बदलला. हस्तलिखित आणि संगणकीय सातबाऱ्यांतले फरक काढण्यासाठी ‘एडिट’ आणि त्यानंतर ‘री-एडिट’ अशा दोन जोड-आज्ञावल्या आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यातच बदल झाले.

या प्रवासातून मिळालेला फायदा आम्ही नाकारत नाही. तलाठी भेटेल तेव्हा आणि मर्जी असेल तेव्हा मिळणारा कागद आज पंधरा रुपये भरून कोणत्याही केंद्रावरून काढता येतो. वहीतले पान फाडणे, शाई खोडणे, मागची तारीख टाकणे हे प्रकार अवघड झाले. नमुन्यातले बदलही विचारपूर्वक केलेले आहेत. उदाहरणार्थ, मयत खातेदार किंवा फिटलेले कर्ज अशा कमी झालेल्या नोंदी पूर्वी केवळ कंसात दाखवत. आता त्यांवर आडवी रेघही येते, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. आमची टीका या सुधारणांवर नाही. ती जुन्या भांड्यातून नव्या भांड्यात ओतण्याच्या रीतीवर आहे.

ओतताना काय सांडते?

एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना चुका तीन जागी होतात. तिन्हींमागचे विज्ञान वर्गात समजावून सांगण्यासारखे आहे.

पहिली जागा अक्षरांची. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे ठरवणाऱ्या तक्त्याला संकेतप्रणाली म्हणतात. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेली इस्की ही एक, आणि जगभरच्या लिपींना सामावून घेणारे युनिकोड ही दुसरी. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक संच आहे. एका तक्त्यातून दुसऱ्यात जाताना सुटी अक्षरे सहज जुळतात. जोडाक्षरे, रफार आणि ‘शेतकऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ येथे मात्र काळजी लागते. या ‘ऱ’चीच गंमत पाहा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साठवता येतो: त्याचा स्वतःचा एक क्रमांक आहे, आणि ‘र’च्या क्रमांकापुढे खालच्या टिंबाचा क्रमांक लिहूनही तोच ‘ऱ’ होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आज्ञावलीत तशी सोय केलेली नसेल तर संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि नाव समोर असूनही शोधात सापडत नाही.

यात बोलीची भर पडते. वारली माणसाने आपले नाव आपल्या बोलीत सांगितले, लिहिणाऱ्याने ते आपल्या कानाप्रमाणे लिहिले. एका गटात ‘सोन्या’, दुसऱ्यात ‘सोण्या’, आधार कार्डावर ‘सोनू’. गावाला माहीत आहे की माणूस एकच आहे. संगणकाच्या लेखी ते तीन खातेदार होतात.

दुसरी जागा अंकांची. समजा, तीन भावांचा एका जमिनीत सारखा हिस्सा आहे. जुन्या वहीत हिस्सा आणे-पैत लिहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. तिसरा हिस्सा चौसष्ट पै, म्हणजे पाच आणे चार पै. तीन वाटे बिनचूक होतात, उरत काही नाही. तोच हिस्सा दोन दशांश स्थळांच्या रकान्यात लिहिला तर ०.३३ होतो आणि तीनदा मिळवल्यावर बेरीज ०.९९ येते. जुन्या वहीला जो अपूर्णांक नेमका लिहिता येत होता, तो नव्या रकान्याला लिहिता येत नाही.

क्षेत्राचेही तसेच. एक एकर तेरा गुंठे म्हणजे त्रेपन्न गुंठे. एक गुंठा १.०११७ आर धरला तर ५३.६२ आर होतात. रकाना पूर्ण आराचा असेल तर ५४ लिहावे लागतील. पाच वारसांचा प्रत्येकी हिस्सा १०.७२ आर, पूर्णांकात ११. पाच गुणिले अकरा पंचावन्न. जमीन चोपन्न आर, वारसांची बेरीज पंचावन्न! कोणी चोरी केली नाही, कोणी खोटे लिहिले नाही. फरक केवळ रकान्याच्या रुंदीने पाडला.

तिसरी जागा अर्थाची, आणि ती सर्वांत धोक्याची. हस्तलिखित पानावर माणूस समासात लिहितो, बाण काढतो, एक ओळ खोडून वर बारीक अक्षरात दुसरी लिहितो, लाल शाईने फेरफाराचा क्रमांक घालतो. यातला प्रत्येक खुणेला अर्थ असतो. तक्त्यात मात्र समास नसतो. माहिती भरणाऱ्याला ती कोणत्या तरी रकान्यात बसवावी लागते, आणि जे कोठेच बसत नाही ते सुटण्याची भीती राहते. कुळाचे नाव किंवा हस्तांतराची बंधने नेमकी अशाच कोपऱ्यांत लिहिलेली असायची. वर्ग-२ च्या जागी वर्ग-१ पडायला एका कळीचा फरक पुरतो.

रॉकेट आणि बँक

जगात अशा चुकांची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू तळावरून एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि जेमतेम चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतली आज्ञावली आधीच्या एरियान-४ वरून तशीच घेतली होती. आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या सोळा बिटांच्या जागेत बसवायची होती. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ ही संख्या मावते. जुन्या रॉकेटच्या वेगाला ती पुरत होती, नव्याच्या वेगाला पुरली नाही. रकाना लहान पडला, एवढेच कारण.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी या बँकेने पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली. खात्यांची माहिती बरोबर पोचली, पण नवी प्रणालीच भार सोसू शकली नाही. एकोणीस लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना. गाडी पूर्णपणे रुळावर यायला डिसेंबर उजाडला. पुढे बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली आणि २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

या दुसऱ्या उदाहरणात आम्हांला दंडाच्या रकमेपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चूक ज्याने केली त्याने भरपाई दिली. आपल्याकडे जमिनीची नोंद केवळ गृहीत धरण्यापुरती खरी असते. तिची हमी शासन देत नाही, आणि ती चुकल्याने झालेले नुकसान भरून देण्याची व्यवस्थाही नाही. बँकेच्या ग्राहकाची अडचण त्याच सकाळी त्याला कळली आणि त्याने आरडाओरडा केला. सातबाऱ्यातली चूक पंधरा वर्षे गप्प बसू शकते. ती जागी होते ती बाप वारल्यावर, कर्ज काढताना किंवा भूसंपादनाची नोटीस आल्यावर.

चावडी वाचन: चांगली चाचणी, अपुरी चाचणी

आता टीकेच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती वापरणाऱ्यासमोर ठेवून तपासली पाहिजे, असे संगणकशास्त्राचे पुस्तक सांगते. महाराष्ट्रात ही तपासणी एका जुन्या, अस्सल देशी पद्धतीने झाली. २०१७ च्या मे-जून महिन्यांत राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातले सातबारे गावकऱ्यांसमोर वाचायचे, आक्षेप ऐकायचे, हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करायची आणि नोंदी जुळल्याचे घोषणापत्र तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत करायचे, अशी ती रीत.

कल्पना म्हणून आम्हांला ही फार मोलाची वाटते. ज्याची नोंद आहे त्याच्या कानावर ती घालणे, यापेक्षा चांगली चाचणी कोणती? ‘सोन्या’ आणि ‘सोण्या’ एकच आहेत हे सांगणारा माणूस चावडीवरच बसलेला असतो, सर्व्हरच्या खोलीत नव्हे.

पण चाचणीची गुणवत्ता ती कोणापर्यंत पोचली यावर ठरते. डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यात भातशेती एका पावसाची. उरलेल्या महिन्यांत कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, चिकूच्या वाड्यांत, मासेमारीच्या बोटींवर नाहीतर वापी-उंबरगावच्या कारखान्यांत कामाला असतात. मे महिना हा त्यांच्या घरी असण्याचा भरवशाचा महिना नव्हे. गाव एक, पाडे दहा. चावडी एका पाड्यावर. शिवाय ‘भोगवटादार’, ‘इतर हक्क’, ‘अकृषिक’ हे शब्द प्रमाण मराठीतल्या लिहित्या माणसालाही अडखळवतात. वारली बोलीत वाढलेल्या म्हातारीसमोर ते भरभर वाचले आणि तिने मान हलवली, तर तिने काय मान्य केले? ज्याला प्रश्न कळलाच नाही त्याच्या मौनाला संमती समजणे, ही कोणत्याही चाचणीतली मूलभूत चूक आहे.

दुसरा आक्षेप मुदतीबद्दल. राज्यातले सारे सातबारे एका महिन्याच्या मोहिमेत वाचायचे म्हटले की लक्ष नोंदीवरून सरकते आणि टक्क्यांवर जाते. किती गावे पूर्ण झाली हे मोजता येते, पण किती चुका सापडल्या नाहीत हे मोजता येत नाही.

येथे शिक्षकांना परिचित असलेला नवाचा ताळा आठवावा. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. तेवीसच्या अंकांची बेरीज ५, चौदाची ५, गुणाकार २५, म्हणजे ७. ३२२ ची बेरीजही ७. ताळा जुळला. पण मुलाने ३२२ च्या जागी २३२ लिहिले तरी बेरीज सातच येते! अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही. सातबाऱ्याच्या प्रणालीतही असेच ताळे असतात: गावचे एकूण क्षेत्र, एकूण खाती, एकूण गट. ते जुळलेच पाहिजेत. पण दोन खातेदारांची नावे आपापसांत बदलली, किंवा ३६ आणि ६३ या दोन गटांवरचे शेरे उलटसुलट पडले, तरी हे सगळे ताळे जुळतील. बेरीज बरोबर असणे आणि नोंद बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चूक कोणी निस्तरायची?

लेखनप्रमादाने झालेली चूक दुरुस्त करण्याची तरतूद संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. सामान्यतः खातेदाराने अर्ज करायचा, जुने उतारे जोडायचे, चौकशीला हजर राहायचे. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. पण ज्या चुका प्रणाली बदलताना झाल्या, त्यांत खातेदाराचा हात नव्हता. त्याने वही बदला असे म्हटले नव्हते. तरीही रोजगार बुडवून, जीपचे भाडे भरून, तालुक्याच्या गावी खेटे घालायचे ते त्यानेच. प्रणाली बदलल्याने वाचलेला वेळ कचेरीच्या खात्यात जमा होतो आणि तिच्या चुकांचा खर्च पाड्यावरच्या माणसाच्या नावे पडतो. आमचा सर्वांत मोठा आक्षेप या वाटणीला आहे.

नव्या आवृत्तीत जोडण्या वाढतात, त्यामुळे हा प्रश्न आणखी तीव्र होतो. ई-फेरफार प्रणाली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या दस्तनोंदणीशी जोडलेली आहे. खरेदीखत नोंदले की फेरफाराची प्रक्रिया आपोआप सुरू होते. सोय मोठी आहे. पण सातबाऱ्यावरचा बंधनाचा शेरा आधीच गळालेला असेल तर ही सोय त्या चुकीलाही तितक्याच वेगाने पुढे नेते. पूर्वी मधे एक म्हातारा तलाठी असे. ‘अहो, ही तर आदिवासीची जमीन’ असे तो म्हणू शके. कधी तो गप्प बसे, कधी गप्प बसण्याचे पैसे घेई, हेही खरे. पण त्याची आठवण ही प्रणालीची एक दुसरी प्रत होती. ती काढून टाकताना तिच्या जागी दुसरी प्रत ठेवायला हवी.

पिकांच्या नोंदीतही हीच दिशा दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारा भरण्याचे काम मोबाइलद्वारे शेतकऱ्याकडे आले. वर्षभरात, १ ऑगस्ट २०२२ रोजी, त्याची दुसरी आवृत्ती आली. गटाचा मध्यबिंदू धरून छायाचित्र किती अंतरावरून घेतले हे त्यात कळू लागले आणि एकदा केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. दोन्ही सुधारणा चांगल्या. पण आवृत्ती बदलली की मोबाइल चालणारा हवा, त्यात जागा हवी, पाड्यावर नेटवर्क हवे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याचे शेत पिकलेले असले तरी कागदावर पडीक राहू शकते.

मग काय करायला हवे?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. अशक्य किंवा खर्चिक नसलेल्या चार गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली, परतीची वाट. जुन्या हस्तलिखित पानाची प्रतिमा नव्या नोंदीला कायमची जोडलेली असावी. जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा संकेतस्थळावर उपलब्ध करण्याचे काम सुरुवातीला ज्या सात जिल्ह्यांत झाले त्यांत पालघर होता. म्हणजे पाया तयार आहे. आजचा सातबारा उघडला की त्याच्या शेजारी जुने पान दिसावे, एवढेच राहिले.

दुसरी, नमुना तपासणी. सगळे एका महिन्यात वाचण्याचा हट्ट सोडून प्रत्येक गावातले काही सातबारे चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि शब्दन् शब्द ताडावेत. त्यांत सापडलेल्या चुकांचे प्रमाण जाहीर करावे. ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर गावाची पुन्हा पूर्ण तपासणी व्हावी. ‘वर्ग-२’, ‘कूळ’ आणि ‘३६-अ’ या शेऱ्यांची तपासणी मात्र नमुन्याने नव्हे, सर्वच्या सर्व व्हावी.

तिसरी, वाचन पाड्यावर आणि बोलीत. पहिल्या पावसानंतर, आवणीच्या आधी, माणसे घरी असतात. तेव्हा प्रत्येक पाड्यावर, गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींच्या तोंडून सातबारा वाचला जावा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जो मान दिला आहे तो अशाच कामासाठी आहे.

चौथी, खर्चाची वाटणी. प्रणाली बदलताना झालेली चूक कचेरीने स्वतः शोधावी, स्वतः दुरुस्त करावी आणि खातेदाराला कळवावे. त्याच्याकडून अर्ज मागू नये.

शाळेत काय करता येईल?

हा विषय शाळेपासून दूर नाही. शाळांच्या माहितीची यूडायस प्रणाली २०१८-१९ मध्ये ‘यूडायस प्लस’ झाली, आणि २०२२-२३ पासून तीत शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आली. दाखलखारिज रजिस्टरातले नाव, आधारवरचे नाव आणि प्रणालीतले नाव यांचा मेळ घालताना शिक्षकांनी जे भोगले, तेच खातेदार सातबाऱ्याच्या बाबतीत भोगतो. रजिस्टर जपून ठेवले होते म्हणूनच मुलांची नावे आपल्याला पुन्हा बरोबर लिहिता आली, हेही शिक्षक जाणतात.

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून एक छोटा उपक्रम करून घेता येईल. प्रत्येकाने आपल्या घरचा आजचा सातबारा आणि घरात असेल तो जुना उतारा शेजारी ठेवावा. नाव, गट, क्षेत्र, भोगवटा वर्ग, इतर हक्क अशा पाच ओळी दोन रकान्यांत लिहाव्यात. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असेल तर हेक्टर-आरांत बदलून पाहावे. फरक आढळेल तेथे तो अक्षराचा आहे, अंकाचा की अर्थाचा, हे ठरवावे. जमीन नसलेल्या मुलांनी गावचाच एखादा सार्वजनिक गट घ्यावा. तो शाळेचा, विहिरीचा किंवा स्मशानाचा असू शकतो. गणित, मराठी, नागरिकशास्त्र आणि संगणक हे चारही तास या एका कागदावर भेटतात. आणि काही घरांत हा फरक वेळीच दिसेल, तो मोबदल्याच्या रांगेत उभे राहिल्यावर दिसणार नाही.

नवी आवृत्ती यायलाच हवी. जुन्या वहीला वाळवी लागते आणि जुन्या संगणकाचे सुटे भाग मिळेनासे होतात. पण ती आली की तिचा वेग, तिचा रंग, तिचे पडदे पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा: कालच्या वहीत ज्याचे नाव सर्वांत बारीक अक्षरात लिहिले होते, ते आज कोठे आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत ताळा जुळला असे कोणी म्हणू नये.